योगसंग्रहास प्रश्न विचारण्याची विद्या : चिन्हांकित माहिती आणि आपला व्यवसाय

संजीवनी वटी या नावावरून तीत वत्सनाभ आणि भल्लातक असल्याचा बोध होत नाही. त्रिभुवनकीर्ती रसाच्या नावातून त्यातील हिंगुळ कळत नाही; मग भावनाद्रव्यांतील धत्तूर कळण्याचा प्रश्नच नाही. आपल्या योगांची नावे कधी फलश्रुतीवरून पडली, कधी पहिल्या द्रव्यावरून, तर कधी केवळ गौरवाने. नित्य वापरातील वीस-पंचवीस योगांचे घटक वैद्याच्या जिभेवर असतात. परंतु हृद्रोगासाठी आधुनिक औषधे घेणारा रुग्ण समोर बसलेला असताना 'माझ्या औषधालयातील कोणकोणत्या योगांत वत्सनाभ आहे?' या प्रश्नाचे निःशेष उत्तर स्मरणावर सोडणे योग्य नव्हे. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, हिंगुळ ही सारी द्रव्ये १९४५ च्या औषधे नियमांतील अनुसूची ई (१) मध्ये आहेत, आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. म्हणूनच हा प्रश्न चिकित्सकाइतकाच औषधविक्रेत्याचाही आहे.

आता जवळजवळ प्रत्येक चिकित्सालयात संगणक आहे. योगांच्या याद्या टंकलिखित करून ठेवलेल्याही असतात. तरीही वरील प्रश्नाचे उत्तर त्या याद्या देत नाहीत. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोधणे आणि विचारणे

टंकलिखित यादीत 'मरिच' हा शब्द शोधला, तर तो शब्द जेथे लिहिलेला आहे तेवढीच स्थाने मिळतात. ज्या योगात 'त्रिकटु' असे लिहिले आहे, तो योग संगणक वगळतो. त्रिकटूत मरिच असते हे आपणांस ठाऊक आहे. संगणकास ते कोणी सांगितलेले नसते. उलट 'अमृता' शोधल्यास गुळवेलीबरोबर हरीतकीचा त्या नावाचा भेदही समोर येतो. 'अनुपान : आल्याचा रस' या ओळीतील आले आणि घटकांतील आले यांतही संगणकास भेद दिसत नाही. त्याला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही.

आपल्या शास्त्राला ही अडचण नवी नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात छत्तीस आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. एखादे वचन कोणत्या अधिकरणातील आहे आणि त्यातील पदाचा येथे कोणता अर्थ घ्यावयाचा, हे ठरविल्यावाचून ग्रंथ लागत नाही. चिन्हांकनाची भूमिकाही हीच आहे. प्रत्येक शब्दाला 'तू येथे कोण आहेस' याची खूण द्यावयाची, म्हणजे पुढे प्रश्न अक्षरांना न विचारता अर्थाला विचारता येतो.

एक्सएमएल म्हणजे काय

अशा खुणा करण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाणित केली. २००७ पासूनच्या वर्ड आणि एक्सेलच्या धारिका आतून एक्सएमएलच असतात. अनेक औषधालयांत हिशेबासाठी असलेल्या टॅलीमधूनही माहिती या स्वरूपात बाहेर काढता येते. विशेष म्हणजे यातील खुणांची नावे, म्हणजेच टॅग, आपण ठरवावयाचे असतात आणि ते देवनागरीतही लिहिता येतात. त्रिभुवनकीर्ती रसाचा रूढ पाठ असा मांडता येईल :

<योग>
  <नाव>त्रिभुवनकीर्ती रस</नाव>
  <घटक>
    <द्रव्य>हिंगुळ</द्रव्य>
    <द्रव्य>वत्सनाभ</द्रव्य>
    <गण नाव="त्रिकटु">
      <द्रव्य>शुंठी</द्रव्य>
      <द्रव्य>मरिच</द्रव्य>
      <द्रव्य>पिप्पली</द्रव्य>
    </गण>
    <द्रव्य>टंकण</द्रव्य>
    <द्रव्य>पिप्पलीमूळ</द्रव्य>
  </घटक>
  <भावना>
    <द्रव्य>तुळस</द्रव्य>
    <द्रव्य>आले</द्रव्य>
    <द्रव्य>धत्तूर</द्रव्य>
  </भावना>
</योग>

नियम थोडेच आहेत. उघडलेला टॅग बंद झाला पाहिजे, आतला टॅग बाहेरच्या आधी बंद झाला पाहिजे आणि साऱ्यांना पोटात घेणारा एकच टॅग असला पाहिजे. येथे तो 'योगसंग्रह' समजू. अशी रचना वृक्षासारखी असते. संहिता, तिची स्थाने, स्थानांतील अध्याय आणि अध्यायांतील श्लोक या क्रमाशी आपला परिचय असल्याने ही कल्पना वैद्यांना परकी वाटू नये.

मार्ग सांगून प्रश्न विचारणे

या वृक्षातील नेमक्या फांदीवर पोचण्याच्या भाषेचे नाव एक्सपाथ. ती १९९९ मध्ये प्रमाणित झाली. मुळापासून एकेक पायरी तिरप्या रेघेने सांगावयाची :

/योगसंग्रह/योग/नाव

याने सर्व योगांची नावे मिळतात. चौकोनी कंसात अट घालता येते :

//योग[घटक/द्रव्य="मरिच"]/नाव

म्हणजे 'ज्या योगाच्या घटकांत मरिच आहे त्याचे नाव दे.' परंतु या पृच्छेत त्रिभुवनकीर्ती मिळणार नाही, कारण तेथे मरिच गणाच्या पोटात आहे आणि एका तिरप्या रेघेचा अर्थ 'लगतची पायरी' असा आहे. दोन रेघा दिल्या की 'कितीही आत' असा अर्थ होतो :

//योग[घटक//द्रव्य="मरिच"]/नाव

आता त्रिकटूतील मरिचही सापडेल. धत्तूर मात्र अजूनही सुटेल, कारण तो घटकांत नसून भावनेत आहे. त्यासाठी अट अशी हवी :

//योग[.//द्रव्य="धत्तूर"]/नाव

येथील टिंब 'या योगाच्या आत, कोठेही' असे सांगते. एका रेघेचा आणि एका टिंबाचा हा भेद किरकोळ नाही. संगणकाने दिलेले अपुरे उत्तरही पूर्ण उत्तरासारखेच दिसते. विषद्रव्याचा शोध घेताना घटक, गण आणि भावना तिन्ही तपासले गेले आहेत ना, हे वैद्यानेच पाहावयाचे असते, कारण भावनेचे महत्त्व जाणणारा तोच असतो.

दोन संग्रहांची सांगड

औषधालयाचा प्रश्न याच्या पुढचा असतो. एखाद्या औषधाच्या विशिष्ट बॅचविषयी शंका उपस्थित झाली, तर ती कोणाकोणास दिली गेली हे तासाभरात सांगता यावयास हवे. विक्रीच्या नोंदीत बॅचसाठी स्वतंत्र टॅग असेल, तर एक ओळ पुरते :

//विक्री[बॅच="क-११७"]/रुग्णक्रमांक

परंतु 'गेल्या सहा महिन्यांत वत्सनाभयुक्त कोणताही योग कोणकोणत्या रुग्णांना दिला?' या प्रश्नात योगसंग्रह आणि विक्रीनोंद अशा दोन वृक्षांची सांगड घालावी लागते. त्यासाठी एक्सक्वेरी ही भाषा आहे. ती जानेवारी २००७ मध्ये प्रमाणित झाली. तिच्या वाक्याचे पाच अवयव असतात. फॉर म्हणजे प्रत्येक नोंद घ्या, लेट म्हणजे मधल्या उत्तरास नाव द्या, व्हेअर म्हणजे अट लावा, ऑर्डर बाय म्हणजे क्रम लावा आणि रिटर्न म्हणजे उत्तर द्या. हे शब्द मात्र संगणकावर इंग्रजी लिपीतच लिहावे लागतात. त्यांच्या आद्याक्षरांवरून या रचनेस 'फ्लॉवर' असे म्हणतात. वरील प्रश्न तिच्या क्रमाने असा मांडला जाईल : प्रथम वत्सनाभ असलेल्या योगांच्या नावांची यादी करा, मग प्रत्येक विक्री घ्या, तिच्यातील औषध त्या यादीत असेल आणि दिनांक सहा महिन्यांतील असेल तरच ती ठेवा, दिनांकानुसार लावा, रुग्णक्रमांक द्या. प्रश्नाची फोड मराठीत नीट झाली की निम्मे काम झालेच म्हणून समजावे.

संग्रहाची निगा

प्रश्न विचारण्याहून निगा राखणे अधिक चिकाटीचे आहे. देवनागरीत काम करणाऱ्यांनी चार गोष्टी आरंभीच ध्यानात घ्याव्यात.

पहिली, लिपी. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या याद्या पडद्यावर मराठी दिसतात. आत मात्र वेगळीच चिन्हे साठविलेली असतात. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि मुद्रितशोधन करावे.

दुसरी, शुद्धलेखन. शुंठी, शुण्ठी आणि सुंठ हे संगणकाच्या दृष्टीने तीन वेगळे शब्द आहेत. शब्दामागे राहिलेली एक मोकळी जागाही तुलना बिघडविते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक द्रव्यास एक संकेत द्यावा, टॅगमध्ये तो नोंदवावा आणि प्रश्न संकेतास विचारावा :

//योग[.//द्रव्य/@संकेत="द-४२"]/नाव

संकेतांची स्वतंत्र सूची ठेवून तीत पर्यायनामे व वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहावे. संदिग्ध द्रव्यांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. शंखपुष्पी म्हणून एकीकडे कॉन्व्हॉल्व्हुलस वापरतात, तर दक्षिणेत गोकर्णी, म्हणजे क्लिटोरिया टर्नेशिया. नाव एकच असले तरी संकेत दोन हवेत. व्याधिनामांसाठी स्वतःचे संकेत रचण्याची गरज नाही. आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवर प्रमाणित संज्ञा आहेत, आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचे मॉड्यूल जाहीर केले आहे.

तिसरी, अंक. नावे देवनागरीत चालतात. परंतु ज्या संख्यांची बेरीज वा तुलना करावयाची त्या इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात. सितोपलादि चूर्णातील १६, ८, ४, २, १ हे भाग देवनागरी अंकांत लिहिल्यास संगणक त्यांना संख्या मानीत नाही. या लेखात ते देवनागरीत छापले आहेत, धारिकेत तसे करू नये. दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा, म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो.

चौथी, तपासणी. 'प्रत्येक योगास नाव हवेच, भाग ही संख्याच हवी' असे नियम स्कीमा नावाच्या धारिकेत एकदा लिहून ठेवले, की त्यांत न बसणारी नोंद संगणक दाखवून देतो. अर्थात स्कीमा रचना तपासते, सत्य नव्हे. वत्सनाभाची नोंदच राहून गेली असेल, तर ती मूळ ग्रंथाशी वा वेष्टनाशी ताडूनच कळेल.

याखेरीज रुग्णांची नावे-पत्ते निराळ्या धारिकेत ठेवून इतरत्र केवळ क्रमांक वापरावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाल्यानंतर ही केवळ सभ्यता राहिलेली नाही.

आरंभ कोठून करावा

सर्वच माहिती अशी बांधण्याचा अट्टहास नको. केवळ साठ्याची सरळ यादी असेल तर एक्सेलचा तक्ता पुरे. आज पुष्कळ संगणकप्रणाली जेसॉन हे सुटसुटीत स्वरूपही वापरतात. जेथे माहिती एकात एक गुंफलेली आहे आणि मूळ पाठ जपावयाचा आहे, तेथे एक्सएमएलचे सामर्थ्य दिसते. योगपाठ आणि संहिता ही त्याची उत्तम उदाहरणे होत. १९८७ मध्ये आरंभ झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या पद्धतीने चिन्हांकित केलेली चरकसंहिता आणि अष्टांगहृदय 'सरित' या संस्कृत ग्रंथसंग्रहात उपलब्ध आहेत.

आरंभ दहा योगांपासून करावा. साध्या टंकनप्रणालीत ते लिहावेत आणि बेसएक्ससारख्या विनामूल्य प्रणालीत उघडावेत. प्रथम असाच प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर आपणांस मुखोद्गत आहे. उत्तर जुळले तर पुढे जावे. न जुळल्यास चूक नोंदीत आहे की पृच्छेत, हे दहा योगांत चटकन सापडते, पाचशे योगांत सापडत नाही. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात वरील सर्व पृच्छा स्वतः लिहिता येतील, इतकी ही विद्या सोपी आहे.

ज्यांच्या औषधालयात संगणकाचे काम दुसऱ्याकडे सोपविलेले आहे, त्यांनीही टॅग कोणते असावेत हे स्वतः ठरवावे. भावना हा निराळा टॅग हवा, गण उलगडून लिहावा, शोधन केलेले आणि न केलेले द्रव्य वेगळे नोंदवावे, हे संगणकतज्ज्ञास सुचणार नाही. ते वैद्यानेच सांगावयाचे आहे.