वसईचा किल्ला, पाण्याच्या बाजूने

वसईच्या किल्ल्यात येणारा पाहुणा बहुधा रस्त्याने येतो. पापडीकडून आलेली रिक्षा तटाच्या आत शिरते, दोन-तीन पडक्या चर्चांसमोर फोटो होतात आणि तासाभरात परतीची घाई सुरू होते. हे शहर मात्र पाण्याच्या मार्गाने येणाऱ्यासाठी बांधलेले होते. त्याचा दर्शनी भाग खाडीकडे आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी थेट किल्लाबंदरच्या धक्क्यावर जावे, पाण्याकडे पाठ करावी आणि तिथून चालायला लागावे.

शहर इथेच का वसले

उल्हास नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर तोंडावर हा किल्ला उभा आहे. कल्याण आणि ठाण्याकडून येणारा माल इथूनच समुद्रात उतरत असे, आणि आसपासच्या जंगलातला साग जहाजे बांधायला हाताशी होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पहिला कप्तान गार्सिया द सा याने १५३६ साली गढी बांधली. पुढे तिच्याभोवती तटबंदीचे शहर वाढले. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तट, आत सुमारे ११० एकर जागा. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखाचे, त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे, हे मुख्य ठाणे झाले.

तीन बाजूंना पाणी होते. उरलेल्या बाजूला जमीन होती, तिथे खंदक खणून त्यात समुद्राचे पाणी घेतले होते. म्हणजे माणसांनी पाणी फिरवून हे शहर पुरते बेट करून टाकले होते. चालताना हा आराखडा डोक्यात ठेवला, की झाडीत हरवलेले अवशेष आपापल्या जागी बसू लागतात.

भरती पाहून निघा

इथे घड्याळाइतकेच तिथीकडे पाहावे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येचे ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तिला फारसा जोर नसतो. उधाणाच्या दिवशी दुपारी खाडी काठोकाठ भरलेली पाहिली, म्हणजे बंदराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ओहोटीला तिथेच चिखल उघडा पडतो, आणि वेढा घालणाऱ्यांना त्या बाजूने येणे का जड गेले असेल तेही कळते.

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून बस आणि रिक्षा मिळतात. भाईंदरहून यायचे तर २०२४ पासून रो-रो बोट आहे. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी तिच्यासारखी दुसरी वाट नाही. पावसाळ्यात आत गवत-वेली माजतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पायात बंद बूट आणि सोबत पाणी हवेच.

बंदर दरवाज्यातून आत

धक्क्याजवळ कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात, आणि हंगामात बांबूंवर बोंबील वाळत असतात. हे कुणाचे तरी रोजचे काम आहे. फोटो काढण्याआधी विचारावे, आणि वाळत घातलेल्या मासळीवरून चालू नये. बंदर दरवाजा ओलांडला की सेंट जोसेफ कॅथीड्रलचा उंच मनोरा दिसतो. चर्चची पहिली उभारणी सोळाव्या शतकाच्या मध्यातली, नूतनीकरण १६०१ चे. मनोऱ्याचा अरुंद गोल जिना उघडा असेल तर सांभाळून वर जावे. वरून खाडी, कांदळवन आणि दूरवर रेल्वेचा पूल एका नजरेत येतात. १८६४ साली रेल्वे ही खाडी ओलांडून मुंबईला पोहोचली, आणि जलमार्गाचे जुने महत्त्व ओसरत गेले.

दगड बोलतात तिथे थांबा

आतली चर्चे वेगवेगळ्या पंथांची आहेत: फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट. सगळी एका दमात पाहू नयेत. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चला वेळ द्यावा. तिथल्या जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. त्यांवर कुळांची चिन्हे आणि पोर्तुगीज मजकूर आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात. त्यांवर खडू किंवा पाणी घालण्याचा मोह टाळावा, दगड झिजतो. इथला घडीव काळा दगड जहाजाने गोव्यालाही जाई. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागाचा दगड वसईचा असे सांगतात.

जेझुइट चर्चची कमान अजून देखणी आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकले, जपानला गेले, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. शाळेतल्या मुलांसोबत आलात तर या भिंतींजवळ नकाशा उघडून वसई ते नागासाकी हा प्रवास त्यांना बोटाने दाखवा.

उत्तरेचा तट आणि १७३९

आता पाणी सोडून उत्तरेच्या तटाकडे वळावे. पाण्याने किल्ल्याला तीन बाजूंनी राखले, म्हणून निकाल जमिनीच्या बाजूला लागला. १७३७ पासून मराठ्यांची मोहीम चालू होती. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. मे महिन्यात याच बाजूच्या बुरुजांखाली सुरुंग उडवले गेले आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाजवळच्या खिंडाराने लढाईचा निकाल लावला. १६ मे १७३९ रोजी तह ठरला. पोर्तुगीजांना आठ दिवसांत सामानसुमान घेऊन जाण्याची मुभा मिळाली. दोन्हीकडची हानी प्रचंड होती. तटावरून चालताना सुरुंग नेणाऱ्यांचा आणि आत अडकलेल्यांचाही विचार मनात यावा, एवढी ही जागा जड आहे.

चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. यांतले एखादे ठिकाण पाहिलेले असेल, तर इथले रिकामे मनोरे पाहताना ती घंटा आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढचा इतिहास झरझर सरकतो. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो परत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. आतल्या नागेश्वर मंदिरात आणि चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी या मराठा काळाची आठवण जपलेली आहे.

तटाबाहेरचे गोडे पाणी

पाय थकले नसतील तर परतताना वसई गाव आणि गासकडच्या वाड्यांतून जावे. खाऱ्या खाडीच्या इतक्या जवळ इथे केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकला तो बावखलांमुळे. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवते. पूर्वी त्यावर रहाट चालत. आज अनेक बावखले भर घालून बुजवली गेली. हिरव्या वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर आवाज उठवला, तो याच जमीन-पाण्यासाठी. एखादे जिवंत बावखल दिसले तर वाडीवाल्यांना विचारून काठावर जावे. काठची जमीन ठिसूळ असते, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये.