हौस पोरांची, हिशेब घराचा

पोरांना पाळण्यांच्या बागेत न्यायचे म्हटले, की पिंपरीतल्या कामगाराच्या घरी आधी खर्चाचा आकडा मांडला जातो. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, २०२२ साली बंद पडले. आता मुलांना ओढ आहे ती खोपोलीजवळच्या, २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकाची.

आमचे सांगणे साधे आहे. शनिवार-रविवार टाळा. आपल्याकडे अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते; मुलांच्या सुट्टीतला गुरुवार साधा. तिकीट आधी काढल्यास बहुधा सवलत मिळते. मुलांची उंची घरीच मोजा. बहुतेक पाळण्यांत प्रवेश उंचीवरच ठरतो. बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून पोळी-भाजी वाटेतच पोटभर खाऊन घ्या. शेजारच्या दोन घरांनी मिळून गाडी केली, की भाडे निम्मे. मुले अगदी लहान असतील, तर निगडीचे अप्पूघर पीएमपीच्या बसने गाठता येते.

मात्र सहलीसाठी पतपेढीचे कर्ज काढू नका. दरमहा थोडे पैसे डब्यात टाका, मुलांनाही टाकू द्या. आपल्या मुलांनीही पाळण्यात बसून खिदळावे; पण जूनमध्ये वह्या-पुस्तके घेताना आईबापांना हात पसरावा लागू नये.