घटसर्प : बैलांचा आणि माझा

आमच्या बीड जिल्ह्यातील खेड्यांत ‘घटसर्प’ म्हटले की माणसांना गुरे आठवतात. जनावराचा गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि एक-दोन दिवसांत ते दगावते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर माझे वडील दोन्ही बैलांना न चुकता लस टोचून आणीत. ऊसतोडीला जाणाऱ्याची सारी भिस्त बैलांवर! त्याच नावाचा रोग लेकरांनाही होतो, हे मात्र आमच्या घरी मला तो झाल्यावरच कळले.

२०११ च्या हिवाळ्यात मी पाच वर्षांची होते. कारखान्याच्या तळावर आमची कोपी होती. बारीक ताप आला, घसा दुखू लागला. आईने हळदीचे दूध दिले. तिसऱ्या दिवशी मान फुगली आणि श्वासाला आवाज येऊ लागला. वडिलांनी मुकादमाकडून पैसे घेतले व मला सरकारी इस्पितळात नेले. डॉक्टरांना घशात राखाडी पापुद्रा दिसला. त्यांनी विचारले, “हिचे डोस झालेत का?” आई गप्प राहिली.

माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. नाव एक असले तरी गुरांच्या रोगाचे जंतू निराळे. डिप्थेरिया खोकल्या-शिंकेतून पसरतो. जंतू बहुधा घशातच राहतात, पण त्यांचे विष रक्तावाटे हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत जाते. यावर घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष टोचतात. या उपचारपद्धतीबद्दलच एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु प्रतिविष रक्तात फिरणारे विषच निकामी करते. पेशींत शिरलेले विष त्याला काढता येत नाही. म्हणून उशीर घातक ठरतो. मी वाचले, पण टाळू लुळी पडल्याने कित्येक आठवडे प्यायलेले पाणी नाकातून बाहेर येई.

लशीचे काम आधीचे असते. तीत निर्धोक केलेले विष असते आणि त्यावरून शरीर खऱ्या विषाशी लढायला शिकते. बाळाला दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना ही लस देतात. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांनी त्रिगुणी लशीचे बूस्टर, तसेच दहाव्या व सोळाव्या वर्षी आणखी एकेक डोस असतो.

माझा जन्म २००६ च्या श्रावणातला. पहिला डोस गावात झाला आणि दसरा आला. टोळी निघाली. कार्ड गावच्या ट्रंकेत राहिले. पुढे दरवर्षी गावी परतल्यावर आईला वाटे, खेळत्या लेकराला सुई कशाला?

इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी पुन्हा लस सांगितली. आई म्हणाली, “रोग तर होऊन गेला, आता कशाला?” डॉक्टर म्हणाले, “हा रोग एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, याची खात्री नसते.” त्या दिवसापासून माझा एकही डोस चुकला नाही.

आज मी घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. दसऱ्याआधी वस्तीतल्या बायका लेकरांची कार्डे माझ्याकडे वाचायला आणतात. मी पुढची तारीख सांगते आणि बजावते, “कार्ड ट्रंकेत नको, सोबत न्या. ज्या गावी असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे घ्यायचा.”

एकदा हे ऐकत बसलेले वडील हळूच म्हणाले, “बैलांची तारीख म्या कधी चुकवली न्हाई, पोरी. तुझी तारीख मला कुणी सांगितलीच न्हाई.”

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कार्ड वाचू शकणारे पहिले माणूस आपणच आहोत. या सुट्टीत घरी गेल्यावर ते एकदा काढून पाहा आणि राहिलेली तारीख मोठ्याने वाचून दाखवा.