चाकांवरचे घर आणि हातखंब्याचा तिठा

मुंबईहून गोव्याच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग 66 धरला की सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर हातखंबा येते. त्याआधी निवळीला जयगड बंदराकडची अवजड वाहने याच रस्त्याला मिळालेली असतात. हातखंब्याच्या तिठ्यावर उजवीकडे वळले की 13-14 किलोमीटरवर रत्नागिरी. सरळ गेले की पाली, आणि तिथून एक रस्ता साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूरला, तर दुसरा लांजा, राजापूर करत गोव्याला. बंदरातला गॅस, मिरकरवाड्याची मासळी, हंगामातला आंबा, घाटावरचा भाजीपाला आणि शिमगा-गणपतीला गावी निघालेला चाकरमानी, या सगळ्यांची वाट इथून जाते. मुंबई-पणजी प्रवासाचा मध्यही याच टापूत उलटतो. अशा ठिकाणी रात्रीपुरती गाडी लावून अंघोळ, जेवण आणि झोप नीट व्हावी असा सार्वजनिक मुक्कामाचा तळ असायला हवा. तो चाकांवरचे घर घेऊन हौसेने फिरणाऱ्यांसाठी असावाच, पण त्यांच्याआधी ट्रकच्या केबिनमध्येच ज्यांचा संसार चालतो त्या ड्रायव्हर-क्लीनरांसाठी असावा, असे माझे म्हणणे आहे. रस्ता किती पदरी, पूल किती, बोगदे किती याचा हिशोब आपण मांडतो. मुक्कामाचा मांडत नाही, आणि तिथेच रस्ता अपुरा राहतो.

मुक्कामाचा तळ ही संस्था अगदी कमीत कमी सामग्रीवर कशी उभी राहते, हे पाहायला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले क्वार्ट्झसाइट उपयोगी पडते. वाळवंटातले हे गाव जेमतेम अडीच हजार वस्तीचे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो, पाऊस नावापुरता. पण हिवाळ्यात उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले लोक, त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ, झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाड्या घेऊन इथे मोठ्या संख्येने उतरतात. गावालगत ला पोसा नावाच्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल अशा अख्ख्या हंगामाचा परवाना 180 डॉलरला मिळतो. त्या पैशांत जागा, पिण्याचे पाणी, कचऱ्याची सोय आणि सांडपाणी ओतण्याचे ठिकाण एवढेच मिळते. उलट नियम कडक आहेत. गाडीला किमान 10 गॅलनची पक्की सांडपाण्याची टाकी हवी. नसेल तर शौचालयापासून ठरावीक अंतराच्या आतच गाडी लावायची. विशेष म्हणजे हा तळ अचानक उगवलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इथे टायसन यांची विहीर होती आणि तिच्या आधारावर घोडागाड्यांचा टप्पा वसला होता. म्हणजे तिथे आधी पाणी आले, मग थांबा, आणि मोटारींचा तळ सर्वांत शेवटी.

खासगी तळांवर सोयी वाढतात, पण गाभा तोच असतो. प्रत्येक गाडीच्या जागेजवळ एक खांब असतो. त्यावर 30 किंवा 50 अँपिअरचा वीजजोड, शेजारी पाण्याचा नळ, आणि जमिनीत झाकण असलेले सांडपाण्याचे तोंड. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात, एक संडासाच्या मैल्याची आणि दुसरी बेसिन-अंघोळीच्या पाण्याची. मुक्काम हलवताना जाड नळी त्या तोंडात घट्ट बसवून आधी मैल्याची टाकी रिकामी करतात, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम चुकला तर शेजाऱ्याला दुर्गंधी सोसावी लागते, म्हणून तळावर आलेल्या नवख्याला जुने लोक तो आधी शिकवतात. वाहनाची ऐट कितीही असो, तळाची खरी परीक्षा या झाकणाशी होते. आपल्याकडेही महाराष्ट्राने 2021 मध्ये अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात वाहनांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला. केरळातही त्याच वर्षी असे धोरण आले आणि 2022 मध्ये वागमोनला तिथला पहिला पार्क सुरू झाला. धोरणाची दिशा बरोबर आहे. पण आपल्याकडे बातमी होते ती आलिशान गाडीची, तिच्यातल्या पलंगाची आणि टीव्हीची; झाकणाची होत नाही.

थांब्याची सोय ही वाटेची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याला परका नाही. सातवाहनकाळातल्या नाणेघाटात दगडात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा, विहिरी आणि घाट याच विचारातून आले. स्वतंत्र भारतातही 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि रात्रीच्या मुक्कामी विश्रांतिगृह असे बंधन घातले. मात्र ते पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांपुरते आणि मालकावर टाकलेले होते. एक-दोन ट्रकच्या मालकाने हातखंब्याला विश्रांतिगृह बांधावे ही अपेक्षाच चुकीची. परिणामी ड्रायव्हरचे घर म्हणजे केबिन. सीटमागच्या फळीवर अंथरूण, काचेजवळच्या दोरीवर वाळणारा टॉवेल, चेसीला बांधलेला पाण्याचा कॅन, पेटीत स्टोव्ह आणि पीठ मळायची परात. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, हे फार चांगले झाले. पण इंजिन बंद केले की गारवाही संपतो. कोकणातल्या दमट रात्री मग दोनच पर्याय उरतात: डिझेल जाळत राहणे किंवा काच उघडून डासांना आत घेणे. पंख्याखालच्या स्वच्छ खाटांची एक साधी खोली हा प्रश्न कितीतरी स्वस्तात सोडवते.

यावर पहिला आक्षेप येईल तो चौपदरीकरणाचा. रस्ता पुरा झाला की मुंबईकर न थांबता गोवा गाठेल, मग तळ कशाला? मोटारीपुरते हे थोडेफार खरे आहे. पण गुजरातहून केरळला निघालेल्या ट्रकचा प्रवास रस्ता कितीही गुळगुळीत झाला तरी एका दिवसात संपत नाही. उलट सरळ, रुंद रस्त्यावर गाडी थांबवायचे निमित्तच उरत नाही, आणि पहाटेच्या तासांत डोळा लागण्याचा धोका वाढतो. गॅसचे टँकर ज्या रस्त्याने जातात तिथे एका माणसाची अपुरी झोप अख्ख्या वाडीला भोवू शकते. दुसरा आक्षेप रेल्वेचा. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक वाघिणीवर चढतात आणि ड्रायव्हर ट्रकसोबतच जातात. ही उत्तम सोय आहे आणि ती वाढायलाच हवी. पण ती टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्यांची. रत्नागिरीत उतरणारा, जयगडहून निघणारा किंवा कोल्हापूरहून येणारा माल रस्त्यावरच राहणार.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वाळवंटातली रीत 3,000 मिलिमीटरहून जास्त पावसाच्या मुलखात कशी चालेल? जशीच्या तशी चालणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. इथला जांभा सच्छिद्र आहे. वर सांडलेले पाणी झिरपून खालच्या विहिरीत उतरायला त्याला वेळ लागत नाही. शिवाय गाड्यांच्या संडासात टाकली जाणारी काही रसायने साध्या सेप्टिक टाकीतल्या जिवाणूंना मारतात. म्हणून इथे शोषखड्डा नको. बंद टाकी, तिच्यावर छप्पर आणि मैल्यावर प्रक्रिया करण्याची पक्की व्यवस्था हवी. उभ्या गाड्यांखालचे तेलकट पाणी वहाळात जाण्याआधी अडवायला हवे. जागा निवडताना सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, ही पडीक जमीन आहे असे समजण्याची चूक करू नये. रत्नागिरी जिल्ह्याच्या अशाच सड्यांवर कातळशिल्पे सापडली आहेत आणि कोकणातली ही शिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. पावसाळ्यात सड्यावर फुलणाऱ्या वनस्पतींचे मोल वेगळेच. तेव्हा आधी पाहणी, मग आखणी. आणि शक्यतो महामार्गाच्या कामात आधीच सपाट झालेली जागा वापरावी. यामुळे खर्च वाढेल. पण तो खर्च टाळला तर मैला आणि तेल कुठेतरी जाणारच, आणि आज ते रस्त्याकडेच्या झुडपांत आणि वहाळांत जाते.

खानावळी आणि टपऱ्यांचा धंदा बुडेल ही भीतीही विचारात घेतली पाहिजे. तळावर जेवणाचा एकच मोठा ठेका दिला तर ती खरीच ठरेल. तळाने जागा, पाणी, अंघोळ, झोप आणि पहारा एवढेच पुरवावे. जेवण गावातल्या खानावळींचे आणि महिला बचत गटांचे राहावे. रात्रभर थांबणारा माणूस दोन वेळा जेवतो, भरधाव जाणारा एकदाही नाही, हे गणित गावाच्या बाजूचे आहे. हे जमणार नाही असेही म्हणता येत नाही. गणेशोत्सवात याच महामार्गावर प्रशासन ठिकठिकाणी सुविधा केंद्रे उभारते. तिथे विश्रांतीची जागा, स्वच्छतागृहे, वैद्यकीय मदत मिळते. प्रवाशाला काय लागते हे सरकारला नेमके माहीत आहे आणि ठरवले तर ते पुरवताही येते, याचा हा वर्षागणिक मिळणारा पुरावा आहे. मग दहा-बारा दिवसांचा मांडव बाराही महिने का उभा राहू नये?

तळ उभा राहिला तर त्याचे मोजमाप किती कॅराव्हॅन आल्या यावर करू नये. मध्यरात्रीनंतर आलेल्या मालट्रकला जागा मिळाली का, बाई प्रवाशाला कडी लागणारा स्वच्छ संडास मिळाला का, आणि भर पावसात खालच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहिले का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर कॅराव्हॅनवाल्यांना वेगळे आमंत्रण द्यावे लागणार नाही, कारण त्यांनाही नेमके हेच हवे असते. आणि तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही असेल, तर कितीही पदरी रस्ता झाला तरी त्याचे काम पुरे झाले असे आपण म्हणू नये.