चाकांवरचे घर आणि दुसरा माणूस

एस.टी.ची गाडी स्थानकात मागे घ्यावयाची असली की वाहक खाली उतरतो आणि शिट्टी वाजवितो. मालमोटारीचा क्लीनर मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो आणि वेळीच फळीवर थाप मारतो. मोठे वाहन हे दोघांचे काम आहे, हे आपल्याकडे व्यवहाराने फार पूर्वीच मान्य केले आहे. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅरॅव्हॅन घेऊन एकट्याने निघणारा प्रवासी मात्र या दुसऱ्या माणसावाचून निघतो. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून हा प्रश्न केवळ परदेशातील राहिलेला नाही.

कायद्याच्या दृष्टीने ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन ‘हलके’ होय. साध्या मोटारीच्या परवान्यावर अशी मोठी खासगी गाडीही हाकता येते. परवाना वजन पाहतो, गल्लीचे वळण पाहत नाही.

अंबाबाईचे दर्शन व पन्हाळा असा बेत करून पुणे–बंगळूर महामार्गाने आलेला असा प्रवासी राजारामपुरीत शिरला, तर काय होईल? मुख्य रस्त्यावर दुकानांची गर्दी, त्याला फुटणाऱ्या क्रमांकांच्या गल्ल्यांत दुतर्फा दुचाकी, वर तारा आणि गणेशोत्सवात मंडप. वळताना मागच्या चाकांपलीकडचा लांब भाग उलट दिशेला झुकतो. गाडीच्या थेट पाठीमागे उभे असलेले मूल आरशात दिसत नाही. शहाणा एकटा प्रवासी अशा वेळी गाडी थांबवून खाली उतरतो, मागे चालत जाऊन जागा पाहतो, वर छताकडे पाहतो, आणि मगच गाडी मागे घेतो. शक्यतो तो आपल्या उजव्या हाताच्या बाजूला वळवून मागे घेतो, कारण ती बाजू त्याला स्वतःच्या खिडकीतून दिसते. त्याहून शहाणा प्रवासी गल्लीत शिरतच नाही.

परंतु प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या गाडीमुळे शाळेची रिक्षा खोळंबते, रुग्णवाहिका थांबते. प्रवाशाचे त्यात काहीच खर्च होत नाही, खर्च होतो तो गल्लीचा. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात विस्ताराने मांडली. रस्त्याकडेची जागा फुकट वाटते, ती तिचे मोल दुसरेच कोणी चुकते करीत असल्यामुळे.

यावर बंदी हा उपाय नव्हे. एकट्याने, विशेषतः एकट्या स्त्रीने, निर्धास्तपणे फिरावे, ही समाजाच्या प्रगतीचीच खूण आहे. शासनाच्या धोरणात पाणी, वीज व वाहन उभे करण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहेच. कोल्हापुरासारख्या शहराने ती महामार्गालगत प्रत्यक्षात आणावी. तेथे दिवे असावेत, रात्री पहारा असावा आणि शहरात येण्यासाठी केएमटीची बस मिळावी. या सोयीसाठी शुल्क अवश्य घ्यावे. त्या शुल्कातून नेमलेला पहारेकरी गाडी मागे घेताना हात दाखवील, तेव्हा एकट्या प्रवाशाला हवा असलेला दुसरा माणूस मिळेल, आणि त्याची मजुरी गल्लीला द्यावी लागणार नाही.