पंचावन्न मैलांचा ट्रक, पासष्ट मैलांचा रस्ता

संपूर्ण अमेरिकेसाठी एकच कमाल वेगमर्यादा ठेवण्याची पद्धत २८ नोव्हेंबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने संपुष्टात आली, या घटनेला २०२५ मध्ये तीस वर्षे पूर्ण झाली. या निर्णयाच्या संदर्भात इंधनबचत आणि अपघात यांची चर्चा पुष्कळ झाली; परंतु महायुद्धानंतरच्या पिढीतील ज्या हलक्या मालवाहू गाड्यांना पिकअप म्हणतात, त्यांचे या बदलात काय झाले याची नोंद क्वचितच घेतली गेली. शेव्हर्ले कंपनीच्या १९४७ ते १९५५ या काळातील ‘ॲडव्हान्स-डिझाइन’ मालिकेतील अर्ध्या टनाची पिकअप हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तिला महामार्गावर वेग कसा द्यावा, या प्रश्नाचे सोपे आणि अचूक उत्तर हाताशी असताना असंख्य गाड्यांची आतली यंत्रणाच काढून टाकण्यात आली, आणि त्यालाच जतन असे नाव देण्यात आले.

येथे ‘प्रवासगती’ हा शब्द नेमका समजून घेणे आवश्यक आहे. गाडी एखाद्या उतारावर जो सर्वाधिक वेग गाठते तो तिचा कमाल वेग. आणि इंजिन, बेअरिंग, ब्रेक व चालक यांपैकी कोणालाही न दमवता ती जो वेग तासन्‌तास टिकवू शकते, ती तिची प्रवासगती. या पिकअपमध्ये ९० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंची, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन होते, आणि मागच्या आसातील क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.११ होते, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला चारहून अधिक फेरे मारावे लागत. भार ओढण्यासाठी हे प्रमाण उत्तम होते. मात्र २८ इंच व्यासाच्या टायरवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेई आणि ७० मैलांना हाच आकडा ३,४०० च्या पुढे जाई.

हा आकडा महत्त्वाचा ठरतो तो या इंजिनाच्या वंगणपद्धतीमुळे. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना पंपाच्या दाबाने तेल मिळत असले, तरी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना ते शिंतोड्यांनी मिळे. प्रत्येक रॉडच्या तळाशी एक लहान पळी असे, ती फिरताना खालच्या पन्हळीतले तेल उचली आणि वेग वाढला की नळीतून येणारी धार त्याच पळीवर आदळे. बेअरिंगचा पृष्ठभाग बॅबिटचा, म्हणजे कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचा, ओतलेला असे. तो झिजला की रॉडची टोपी खोलून तिच्याखालच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांपैकी, म्हणजे शिमांपैकी, एखादी काढायची, टोपी पुन्हा आवळायची आणि क्रँक हाताने फिरवून पकड जोखायची, हे काम खेड्यातला मेकॅनिकही करू शके. अशा इंजिनाला संथ लयीत चालवले तर ते दशकानुदशके साथ देते आणि तासभर ३,४०० फेऱ्यांवर पळवले तर त्याचे रॉड ठोके देऊ लागतात, हा त्याच्या रचनेचा सरळ परिणाम आहे.

१९४७ नंतरची पहिली पंचवीस वर्षे या दृष्टीने फारशी काही सांगत नाहीत. शेत, गिरणी आणि तालुक्याची बाजारपेठ एवढेच त्या गाडीचे जग होते, आणि शेव्हर्लेचे नाव तोवर मुंबईच्या शिवडीतील जनरल मोटर्सच्या जुळणी कारखान्यामुळे आपल्याकडच्या रस्त्यांवरही रुळले होते. १९५४ मध्ये पिकअपला ११२ अश्वशक्तीचे, सर्व बेअरिंगांना दाबाने तेल पुरवणारे २३५ घनइंची इंजिन मिळाले. १९५६ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर यांनी ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गजाळ्याच्या कायद्यावर सही केली. आणि खनिज तेलाच्या संकटामुळे जानेवारी १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा मंजूर केली. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटली, पण जुन्या पिकअपसाठी तो काळ अनपेक्षित सुखाचा होता, कारण कायद्याने सर्वांना ज्या वेगावर आणले तोच तिचा स्वाभाविक वेग होता.

खरी कसोटी १९८७ ते १९९६ या दशकात लागली. १९८५ मध्ये ‘रूट ६६’ हा जुना महामार्ग अधिकृत मार्गांच्या यादीतून वगळला गेला होता. जुने दुपदरी रस्ते मागे पडत होते आणि लांबचा प्रवास म्हटला की आंतरराज्य महामार्ग हाच अर्थ उरला होता. एप्रिल १९८७ मध्ये ग्रामीण भागातील अशा महामार्गांवर ६५ मैलांची, म्हणजे १०५ किलोमीटरची, मुभा मिळाली, आणि काल सर्वांच्या बरोबरीने धावणारी पिकअप उजव्या बाजूच्या संथ मार्गिकेत एकटी पडली. मागून येणारे अजस्र ट्रेलर तिला हवेच्या झोताने हलवून पुढे निघून जाऊ लागले. वाढ अवघ्या दहा मैलांची होती, पण ४.११ च्या प्रमाणात तिचा अर्थ मिनिटाला सुमारे पाचशे जादा फेरे, केबिनमध्ये बोलणे ऐकू न येण्याइतका आवाज आणि मऊ बॅबिटची अकाली झीज असा होता.

या दहा मैलांचे उत्तर शेव्हर्लेच्या स्वतःच्याच घरात होते. १९५० पासून पॉवरग्लाइड ही स्वयंचलित गिअरपेटी बसवलेल्या शेव्हर्ले मोटारींना ३.५५ प्रमाणाचे क्राउन-पिनियन दिले जात होते आणि ते अर्ध्या टनाच्या पिकअपच्या आसात बसत होते. गणित पाहिले तर मन थक्क होते: ४.११ वर ५५ मैलांना इंजिन जितके फिरे, जवळजवळ तितकेच ते ३.५५ वर ६४ मैलांना फिरते. कायद्याने रस्त्याचा वेग जेवढा वाढवला, जवळपास तेवढाच वेग दोन दातेरी चाके इंजिनावर कोणताही ताण न आणता देत होती. काम कष्टाचे होते, कारण या गाडीत प्रोपेलर शाफ्ट टॉर्क ट्यूब नावाच्या बंद पोलादी नळीत फिरतो आणि आसाचा रेटा याच नळीतून पुढे पोहोचतो, त्यामुळे संपूर्ण आस मागे ओढल्याशिवाय पिनियन हाती लागत नाही; पण ते परतवता येण्याजोगे होते आणि गाडीचे मूळ रूप त्यात कोठेही बाधित होत नव्हते. चढावर ओढ थोडी कमी होई, म्हणून घाट आला की आधीच खालचा गिअर घ्यावा लागे. याहून अधिक हवे असणाऱ्यांना मूळ इंजिनाच्या जागी त्याच वंशातले, दाबाच्या वंगणाचे २३५ बसवता येत होते. किंवा टॉर्क ट्यूब सोडून देऊन उघडा शाफ्ट व पाच गिअरांची टी-५ पेटी घेता येत होती, जिच्या पाचव्या गिअरमध्ये, म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये, शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरतो.

त्या दशकाने मात्र बहुतांशी वेगळाच मार्ग पसंत केला. वेग म्हणजे शक्ती हे समीकरण इतके रूढ झाले की ३५० घनइंची व्ही-८ इंजिन, स्वयंचलित पेटी आणि भलत्याच मोटारीचा कापून आणलेला पुढचा भाग बसवणे हाच सुधारणेचा राजमार्ग मानला गेला. कापलेली चौकट पुन्हा जोडता येत नाही, आणि गॅरेजच्या मागे पावसात टाकलेली चालू स्थितीतली इंजिने भंगारात गेली, ही त्या काळाची न भरून येणारी हानी आहे. त्यांच्याबरोबर बॅबिट ओतणारे कारागीर गेले आणि शिम काढून बेअरिंगची पकड जोखणारी बोटेही गेली. या टीकेत एका गोष्टीची मोकळी कबुली हवी: ज्यांनी पुढे डिस्क ब्रेक बसवले आणि ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग केले, त्यांनी योग्यच केले, कारण ५५ वरून ७० मैलांवर जाताना थांबवावयाची गतिज ऊर्जा सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते आणि मूळचे ड्रम ब्रेक एकाच तेलमार्गावर अवलंबून होते. दोष आहे तो गरज न मोजता केलेल्या मोडतोडीचा.

१९९५ नंतर मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला, अनेक ठिकाणी ती ७५ मैलांवर पोहोचली, आणि २०१२ मध्ये टेक्सासमधील एका पथकर महामार्गावर ८५ मैलांची, म्हणजे १३७ किलोमीटरची, मर्यादा लागू झाली. आज नव्या चौकटीवर, नव्या इंजिनासह, केवळ जुनी केबिन चढवलेल्या गाड्या १९४७ च्या नावाने विकल्या जातात. त्या वेगवान आहेत, पण त्या पिकअपचे जे काही होते ते त्यांच्यात उरलेले नाही. प्रत्येक जुन्या यंत्राने प्रत्येक नव्या रस्त्याच्या बरोबरीने धावावे, हा आग्रहच मुळात सोडून द्यायला हवा. त्या पिकअपला प्रामाणिकपणे देता येण्याजोगा वेग ६० ते ६५ मैलांच्या आसपासचा आहे, आणि तो सन्मानाने देण्याचा मार्ग ज्ञात आहे.

३.५५ चे क्राउन-पिनियन बसवलेल्या ज्या थोड्या गाड्या मूळ इंजिनासह आजही धावतात, त्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. वेगदर्शकाला गती गिअरपेटीच्या मागच्या टोकाकडून मिळते, त्यामुळे मागच्या आसात झालेला बदल त्याला कळत नाही. तो दुरुस्त केला नसेल तर गाडी ६४ मैलांनी धावत असताना काटा ५५ वरच स्थिर राहतो, आणि इंजिनाच्या दृष्टीने तेच खरे असते.