विमान ठणठणीत, मॉड्यूल आजारी

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे सिमवाल्यांचा एफएसएक्स, सुरू होताना कधीकधी मधेच एक चौकट येते. बाहेरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडचण आढळली आहे, असं ती सांगते. खाली त्या ॲड-ऑनचं नाव, आवृत्ती, फाइलचा पत्ता. मग प्रश्न: हे चालवायचं का? चालवू नका, असा सल्लाही सोबत असतो. चौकट पाहून बहुतेक जण एकच करतात. सगळं काढून टाकतात आणि पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. माझ्या मते ही सर्वांत महागडी दुरुस्ती. अख्खा रविवार जातो आणि दोष बऱ्याचदा जागीच राहतो, कारण ज्या सेटिंगच्या फाइलींत तो दडलेला असतो त्या सिम्युलेटर काढला तरी संगणकावरून हलत नाहीत.

या छंदाचं वय चाळिशीपार गेलं आहे. ब्रूस आर्टविक यांच्या कामातून मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला. एफएसएक्स २००६ चा. तो बनवणारा एसेस स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००९ च्या जानेवारीत बंद केला. एरवी असा खेळ दोन-तीन वर्षांत विस्मरणात गेला असता. हा गेला नाही, कारण बाहेरच्या लोकांनी त्याच्यासाठी विमानं, विमानतळ, हवामान आणि खरी कॉकपिट जोडायची यंत्रणा बनवणं सुरूच ठेवलं. २०१४ च्या डिसेंबरात डव्हटेल गेम्सने तो स्टीमवर पुन्हा विकायला काढला. त्याच घराण्यातला प्रीपार्थ्रीडी लॉकहीड मार्टिनने पुढे नेला. म्हणजे ॲड-ऑन हेच या सिम्युलेटरचं आयुष्य आणि हीच त्याची डोकेदुखी.

ॲड-ऑनचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम, सिम्युलेटरला दोन तऱ्हेने जोडलं जातं, आणि निदानाची सुरुवात या फरकापासून करावी. डीएलएल प्रकारचं मॉड्यूल सिम्युलेटरच्याच प्रक्रियेत शिरून चालतं. तो आपल्याच स्वयंपाकघरात येऊन रांधणारा पाहुणा: त्याने गॅस उघडा ठेवला तर घर आपलं जळतं. एक्सई प्रकारचा प्रोग्राम बाहेर स्वतंत्र चालतो आणि सिमकनेक्ट नावाच्या दुव्यातून बोलतो. तो कोसळला तरी विमान सहसा उडत राहतं. पीट डाउसन यांचं एफएसयूआयपीसी हे प्रसिद्ध ॲड-ऑन घ्या. एफएसएक्ससाठीची चौथी आवृत्ती डीएलएल आहे, तर २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठीची सातवी एक्सई आहे. तेव्हा सिम पूर्ण बंद पडत असेल तर आधी आतल्यांकडे पाहा. सिम चालू असून नुसती जोडणी मिळत नसेल तर बाहेरच्यांकडे.

एफएसएक्समध्ये आतल्यांची यादी डीएलएल.एक्सएमएल या फाइलीत असते आणि बाहेरच्यांची एक्सई.एक्सएमएलमध्ये. दोन्ही वापरकर्त्याच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंगच्या आत, मायक्रोसॉफ्ट आणि मग एफएसएक्स असा पत्ता. या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, पण त्यांची शिस्त कडक. प्रत्येक मॉड्यूलची नोंद उघडणारी खूण आणि बंद करणारी खूण यांच्यामध्ये हवी. एखाद्या इन्स्टॉलरने बंद करणारी खूण गाळली की त्या एकाचंच नव्हे, सगळ्यांचंच वाचन फसतं. बऱ्याचदा कोणतीही सूचना न येता मेनूमधून सगळी ॲड-ऑन गायब होतात. मग ज्याचं काही चुकलेलं नाही अशा हवामानाच्या प्रोग्रामला लोक शिव्या घालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. तपासायला सोपी युक्ती म्हणजे ती फाइल ब्राउझरमध्ये उघडायची. रचना मोडली असेल तर कितव्या ओळीत मोडली ते ब्राउझरच सांगतो.

याच फाइलींत प्रत्येक नोंदीला 'डिसेबल्ड' आणि 'मॅन्युअल लोड' असे दोन खटके असतात. पहिला 'ट्रू' केला की मॉड्यूल लोड होत नाही. दुसरा 'ट्रू' केला तर लोड करण्याआधी सिम आपल्याला विचारतो. एकेक मॉड्यूल परवानगीने आत घेत कोणत्या नावाला सिम पडतो ते पाहता येतं. काही पुसायची गरज नाही. एफएसएक्स.सीएफजी या सिमच्या सेटिंगच्या फाइलीतला 'ट्रस्टेड' हा भागही बघावा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'विश्वास नाही' असं उत्तर दिलं असेल तर ते तिथे नोंदलेलं राहतं. ती ओळ काढली की प्रश्न पुन्हा विचारला जातो.

आता एक खास आपला दोष. या एक्सएमएल फाइलींच्या पहिल्या ओळीत बहुधा विंडोज-१२५२ ही अक्षरसंहिता लिहिलेली असते. ती पश्चिम युरोपातल्या अक्षरांसाठीची आहे, देवनागरी तिच्यात बसतच नाही. संगणक घेतल्यावर हौसेने वापरकर्त्याचं नाव मराठीत टाकलं आणि विंडोजने त्या नावाचा फोल्डर केला, की त्या फोल्डरातल्या मॉड्यूलचा पत्ता जुन्या ॲड-ऑनना वाचता येत नाही. नंतर खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, कारण फोल्डरचं नाव तेच राहतं. रोमन लिपीतलं नवं खातं उघडून तिथून सिम चालवणं हाच सरळ मार्ग. मराठीच्या अभिमानाला थोडी मुरड घालावी लागते, पण विमान उडतं.

विंडोजचे संदेशही जरा फसवे असतात. 'मॉड्यूल सापडलं नाही' हा १२६ क्रमांकाचा संदेश घ्या. फाइल तर डोळ्यांसमोर दिसत असते! सापडलेली नसते ती बहुधा त्या फाइलीला लागणारी दुसरी फाइल, आणि अनेकदा ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ संचातली निघते. हे संच वर्षावार वेगळे आहेत: २००५, २००८, २०१० आणि पुढचे. नवा बसवला म्हणून जुन्याची गरज संपत नाही. शिवाय एफएसएक्स ३२ बिटांचा, तेव्हा विंडोज ६४ बिटांची असली तरी संच ३२ बिटांचाच लागतो. १९३ क्रमांकाचा संदेश, किंवा शून्यांच्या रांगेमागे ७बी असलेला कोड, बहुधा ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ झाल्याचं सांगतो. प्रीपार्थ्रीडीची चौथी आवृत्ती २०१७ मध्ये ६४ बिटांची झाली, तेव्हा एफएसएक्समधली जुनी डीएलएल तिथे नेऊन ठेवणाऱ्यांना याचा भरपूर प्रसाद मिळाला. अशा मॉड्यूलला दुरुस्ती नाही. लेखकाने नवी आवृत्ती काढली असेल तर ती घ्यायची, नसेल तर सोडून द्यायचं.

सिमकनेक्टचंही तसंच. मूळ एफएसएक्स, पहिला सर्व्हिस पॅक आणि दुसरा, अशा तिन्हींबरोबर त्याची वेगवेगळी आवृत्ती आली. विंडोज त्या शेजारी शेजारी ठेवते आणि प्रत्येक ॲड-ऑन स्वतःला हवी तीच मागतं. स्टीमवरच्या एफएसएक्समध्ये या जुन्या आवृत्त्या 'लेगसी इंटरफेसेस' या फोल्डरात मिळतात, पण त्या आपण हाताने बसवाव्या लागतात. जुनं ॲड-ऑन स्टीम आवृत्तीत मुकं राहिलं तर मी पहिल्यांदा इथे पाहतो.

सिम उडता उडता कोसळला तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एक नाव दिलेलं असतं. शून्यांच्या टोकाला ५ असा कोड असेल तर कोणीतरी आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. पण नाव एनटीडीएलएलचं असेल तर हुरळून जाऊ नका. तो विंडोजचा गाभा आहे, सगळ्यांची कामं त्याच्यातून जातात, म्हणून मरताना प्रोग्राम बऱ्याचदा तिथे सापडतो. दोषी कोणी दुसराच असतो. उलट, यूआयऑटोमेशनकोअर हे नाव आलं तर ते गंभीरपणे घ्यावं. विंडोज ७ वर एफएसएक्सचे मेनू पुन्हा पुन्हा उघडले की सिम पडायचा, आणि त्या फाइलीची जुनी आवृत्ती एफएसएक्सच्या मुख्य फोल्डरात ठेवली की थांबायचा. तसंच लांबच्या उड्डाणाच्या शेवटी, मोठ्या विमानतळावर उतरताना सिम पडत असेल, तर मॉड्यूलपेक्षा मेमरीवर संशय घ्यावा. ३२ बिटांच्या प्रोग्रामला ४ जीबीच्या पलीकडे पाहताच येत नाही. भारी विमान, भारी विमानतळ आणि भारी ढग एकत्र आले की ती मर्यादा संपते.

१८ ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने चित्र बदललं. फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओने बनवलेल्या या सिममध्ये विमानाच्या आतला कोड वेबअसेंब्लीच्या कुंपणात चालतो, पूर्वीसारखा मोकाट डीएलएल म्हणून नाही. कोसळणं कमी झालं असं मात्र कोणी म्हणणार नाही. इथे बरंचसं भांडण ॲड-ऑन जिथे ठेवतात त्या कम्युनिटी फोल्डरात असतं. सर्वांत बाळबोध चूक म्हणजे झिप उलगडताना फोल्डरात फोल्डर होतो. मॅनिफेस्ट.जेसन ही फाइल ज्या फोल्डरात आहे तोच फोल्डर थेट कम्युनिटीमध्ये हवा, एक पायरी आत गेला की सिमला तो दिसत नाही. दुसरी, लेआउट.जेसनमध्ये पॅकेजमधल्या फाइलींची आकारासह यादी असते. हौसेने एखादी नवी फाइल टाकली आणि यादी बदलली नाही, तर ती फाइल सिमच्या लेखी नाहीच.

मोठ्या अपडेटनंतर सिम सुरूच होत नसेल तर कम्युनिटी फोल्डर रिकामा करून बघावा. आधीच्या वेळी सिम कोसळला असेल तर तो स्वतःच सेफ मोडचा पर्याय देतो, त्यानेही हेच साधतं. सुरू झाला, तर दोष ॲड-ऑनमध्ये. मग एकेक परत घालत बसू नये, निम्मी घालावीत. ज्या निम्म्यांत सिम पडेल त्यांचे पुन्हा दोन भाग. ६४ पॅकेजेस असली तरी सहाव्या फेरीला नाव हाती येतं. ही पद्धत एका ठिकाणी मात्र तोंडघशी पाडते: दोन पॅकेजेस स्वतंत्रपणे निर्दोष असतात आणि एकत्र आली की भांडतात. एकाच विमानतळाची, समजा मुंबईच्या व्हीएबीबीची, दोन वेगवेगळ्या लेखकांची दृश्यं एकदम बसवली की इमारतीत इमारत घुसते नाहीतर धावपट्टीला उंचवटा येतो. यात कोणी आजारी नाही. एकाला रजा द्यायची.

ऑस्टिन मेयर यांचा एक्स-प्लेन या बाबतीत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. त्याच्या मुख्य फोल्डरातली लॉग.टीएक्सटी ही फाइल कोणतं प्लगइन लोड झालं, कोणतं नाही आणि का नाही ते क्रमाने लिहिते. आपला जुना १२६ इथेही भेटतो. प्लगइनमुळे सिम कोसळला असेल तर त्याचं नावही बहुतेक वेळा शेवटाकडे छापलेलं सापडतं. फक्त सिम पुन्हा सुरू केला की ही फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणून आधी तिची प्रत काढावी. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर जुनं, इंटेलसाठीचंच प्लगइन थेट चालत नाही. सिम ॲपलच्या रोझेटा या रूपांतरकातून चालवावा लागतो. नेटवरून उतरवलेलं प्लगइन मॅक स्वतःहून अडवतो, तेही पाहावं. विंडोजवरही अँटिव्हायरस नवख्या डीएलएल कधीकधी गुपचूप कोंडून ठेवतो. तेव्हा 'फाइल हरवली' म्हणण्याआधी त्याची कोठडी तपासावी.

एवढं करूनही सुटलं नाही तर ॲड-ऑनच्या लेखकाला लिहावं, पण 'चालत नाही' एवढंच लिहू नये. सिमची आणि ॲड-ऑनची आवृत्ती, लॉगची प्रत, इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद, आणि दोष येण्याआधी काय बदललं होतं ते कळवावं. या लेखकांपैकी बरेच जण नोकरी सांभाळून फुकटात हे काम करतात. आणि एफएसएक्समध्ये पुढचं ॲड-ऑन बसवण्याआधी डीएलएल.एक्सएमएल, एक्सई.एक्सएमएल आणि एफएसएक्स.सीएफजी यांच्या प्रती दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. तिन्ही मिळून काही केबींच्या पुढे जात नाहीत.